पाच स्टार किती वर्षं टिकतात?

प्रश्न : २०१६ च्या दिवाळीत आम्ही पाच स्टारचा दोन दारांचा फ्रिज घेतला. स्टिकरवर वर्षाला २१० युनिट छापलंय. सुट्टीला आलेल्या भाच्याने प्लगला लावायचं छोटं मीटर आणलं, तर दोन दिवसांत दोन युनिट पडले. म्हणजे वर्षाला ३६५! वस्तू जुनी झाली की स्टारही जातात का? हे म्हणतात, आता नवीनच घेऊ.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : यजमानांना जरा थांबवा. तुमचं पत्र २० मेचं आहे. बाहेर चाळीस अंश, आत आमरसाची पातेली, आणि घरात भाचा, म्हणजे दार दर दहा मिनिटांनी उघडणार. स्टिकरवरचा आकडा प्रयोगशाळेत, ठरावीक तापमानाच्या खोलीत, दार बंद ठेवून काढलेला असतो. तेच मीटर जानेवारीत आठवडाभर लावा, मग बोलू.

वय होतं हे मात्र खरं. फ्रिजच्या भिंतींत फोम भरलेला असतो. त्याच्या बारीक बुडबुड्यांत कोंडलेला वायू वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो, हवा आत शिरते आणि भिंत थंडावा कमी धरते. याला औषध नाही. दाराच्या रबराला, म्हणजे गॅस्केटला, आहे. दहा रुपयांची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी ती अडली पाहिजे. आमच्या २०११ च्या फ्रिजला खालच्या कोपऱ्यात नोट अलगद निघाली. तिथे गॅस्केटच्या घडीत लोणच्याचा खार ओघळून रबर कडक झालं होतं. बायको वर्षभर सांगत होती की तिथे पाणी सुटतं. मी दुसऱ्यांच्या कारखान्यांचं एनर्जी ऑडिट करत हिंडत होतो. गॅस्केट बदलल्यावर आठवड्याचे ११ युनिट ९ वर आले.

आणखी एक बघा. फ्रिजच्या बाजूंना हात लावला तर गरम लागतात ना? आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये उष्णता सोडणारी नळी त्या पत्र्यामागेच असते. नूतनीकरणात फ्रिज ओट्याशेजारच्या खोबणीत घट्ट बसवला असेल, तर तो म्हातारा झालेला नाही, गुदमरलाय.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. बचत म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी, आणि त्यातला एक आकडा तुमच्या घरात नाहीच. २०१६ मध्ये तुम्ही जो साधा फ्रिज घेतला नाहीत, तोही आज तेवढाच जुना झाला असता. त्याचंही रबर कडक झालं असतं. समजा तो वर्षाला ४०० युनिट खाणार होता आणि तुमचा २००. दोघांचंही खाणं १५ टक्क्यांनी वाढलं, तर ४६० आणि २३०. बिल वाढलं, पण बचत २०० वरून २३० वर गेली! तुमचाच फ्रिज जास्त वेगाने खराब झाला तर बचत घटेल. पण रबर, फोम, धूळ दोघांनाही सारखीच, त्यामुळे अंतर सहसा बऱ्यापैकी टिकतं.

ते एका दिवसात जातं ते दुरुस्तीत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारा, गेला, मूळचा महाग पडतो, म्हणून मेकॅनिक साधा बसवून देतो. फ्रिज थंड होतो, स्टिकर दारावर तसंच असतं आणि स्टार संपलेले असतात. दुरुस्तीला द्याल तेव्हा हे आधी विचारा.

शिवाय स्टार वापर न करताही उतरतात. ४.६ कार्यक्षमतेचा (विजेच्या मानाने थंडावा किती, तो आकडा) एसी २०१९ मध्ये पाच स्टारचा होता, कारण तेव्हा ४.५ ला पाच मिळत. जुलै २०२२ पासून पाचासाठी ५.० लागू झाले आणि तोच एसी चारात बसला. एसी तोच, वीजही तेवढीच. त्यामुळे स्टिकर बघताना त्यावरचं साल वाचा.

प्रश्न : विहिरीवर पाच एचपीचा स्टारवाला मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे. मोटर दोनदा जळाली, दोनदा भरून (आत नवी तार गुंडाळून) आणली. आता वीजबिल माफ असल्याने बचत कळायलाही मार्ग नाही. फरक पडला असेल का?
– एक शेतकरी वाचक, ता. शिरोळ

उत्तर : पडला असेल. आणि या पापात मीही आहे. मामांच्या दुकानात मोटारी भरतच मी शिकलो. जळकी तार ओढून निघायची नाही, म्हणून दुकानामागे स्टेटरवर, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागावर, रॉकेल ओतून पेटवायचो. तार सुटायची, पण त्या आचेत स्टॅम्पिंगच्या, म्हणजे त्यात एकाला एक लावून रचलेल्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशनही जळायचं. मग पत्रे एकमेकांना लागतात, मोटर जास्त तापते आणि ती वीज पाण्यात न जाता उष्णतेत जाते. वर मूळ गेजची (जाडीची) तार नसली की जरा बारीक घालायची. ‘चालतंय की,’ मामा म्हणायचे. चालायचंच.

पुढच्या वेळी तार न जाळता काढायला सांगा आणि जुन्या तारेचा तुकडा खिशात घालून घेऊन या, गेज ताडून बघायला. इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चक्र) घासला असेल, फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) चोंदला असेल, तर तेही बघा. पुष्कळदा दोष मोटरवर जातो आणि खोट पंपात असते.

मोजायचं कसं? २०० लिटरचा पिंप पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. आकडा मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूने, तारीख घालून लिहा, आणि दर वर्षी त्याच महिन्यात, विहिरीला साधारण तेवढंच पाणी असताना पुन्हा मोजा. बिल माफ असलं तरी आठ तासांची वीज आठच तास येते. पिंप भरायला दीडपट वेळ लागला, तर उसाच्या किती सऱ्या कोरड्या राहतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

प्रश्न : एलईडी बल्ब जुना झाला की जास्त वीज खातो का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही. नऊ वॅटचा साधारण नऊच राहतो, उजेड मात्र मंदावतो. उजेड ७० टक्क्यांवर आला की त्याचं आयुष्य संपलं, असं बहुतेक धरतात. अभ्यासाला पुरत नाही म्हणून शेजारी दुसरा लावलास, तर बचत तिथे गेली. आधी बल्ब काढून फडक्याने पूस.