वचनचिठ्ठी कायद्यापुढे कधी टिकते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी, याविषयी आलेले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे भारतात लागू असलेल्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ आणि त्याला पूरक कायद्यांच्या आधारे दिली आहेत.

प्रश्न : मित्राने 'आपल्याकडून आज रोजी रुपये दोन लाख हातउसने घेतले' असे कागदावर लिहून सही करून दिली आहे. ही वचनचिठ्ठी होते का?

उत्तर : होत नाही. तुमच्या हातात आहे ती पैसे मिळाल्याची कबुली. कलम ४ नुसार वचनचिठ्ठी लेखी असावी लागते, तीत ठरावीक रक्कम, तीही केवळ पैशाच्या रूपात, ठरावीक व्यक्तीला किंवा ती सांगेल त्याला देण्याचे बिनशर्त वचन असावे लागते आणि लिहून देणाऱ्याची सही असावी लागते. तुमच्या कागदावर रक्कम आणि सही आहे, पण ती परत 'देईन' असे कुठेच म्हटलेले नाही. 'वचन' हाच शब्द वापरला पाहिजे असेही नाही. कायद्यातीलच एका उदाहरणात, 'मी अमुक व्यक्तीचे एक हजार रुपये देणे लागतो व ते मागणी करताच द्यावयाचे आहेत' अशा आशयाचा मजकूर वचनचिठ्ठी मानला आहे, तर नुसते 'देणे लागतो' एवढे लिहिलेला कागद मानलेला नाही. तुमचा कागद जपून ठेवा, कारण उसनवारीचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडेल. मात्र मोबदला मिळालाच आहे असे न्यायालयाने प्रथमतः गृहीत धरावे, हा कलम ११८ चा लाभ त्याला मिळणार नाही.

प्रश्न : 'माझा प्लॉट विकला गेल्यावर पाच लाख रुपये सव्याज देईन' असे लिहून घेतले तर चालेल का?

उत्तर : प्लॉट विकला जाईलच याची खात्री नाही, म्हणून हे वचन सशर्त आहे आणि चिठ्ठी वैध ठरत नाही. केव्हा घडेल ते ठाऊक नसले तरी जी घटना घडणारच, तिच्यावर मुदत ठेवलेली कायद्याला चालते. व्याजामुळे रक्कम अनिश्चित होत नाही, पण दर स्पष्ट लिहावा. दर लिहिलेला नसेल, तर पैसे ज्या तारखेला द्यायला हवे होते तेव्हापासून द.सा.द.शे. १८ दराने आकारणी करण्याची तरतूद कलम ८० मध्ये आहे.

प्रश्न : चिठ्ठीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा राहून गेला. आता लावला किंवा न्यायालयात दंड भरला तर चालेल का?

उत्तर : दोन्ही चालणार नाही, आणि सर्वाधिक माणसे अडकतात ती इथेच. इतर अनेक दस्तांवर मुद्रांक कमी पडला तर शुल्क आणि दंड भरून ते पुराव्यात दाखल करता येतात. भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ च्या कलम ३५ ने ही सवलत वचनचिठ्ठीला नाकारली आहे. तिकीट सही करण्यापूर्वी किंवा सहीच्या वेळीच लागले पाहिजे. मागणी करताच देय असलेल्या चिठ्ठीवरील शुल्क अवघ्या काही पैशांचे असल्याने व्यवहारात एक रुपयाचे तिकीट लावतात, मात्र मुदतीच्या चिठ्ठीचे शुल्क वेगळे असते, ते आधी तपासून घ्यावे.

तिकीट नुसते चिकटवूनही भागत नाही. सहीची सुरुवात कागदावर, मधला भाग तिकिटावर आणि शेवट पुन्हा कागदावर, अशी आरपार सही घ्यावी, म्हणजे ते तिकीट सोडवून पुन्हा वापरता येत नाही. असे रद्द न केलेले तिकीट कायद्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा असते. मी हे आग्रहाने लिहितो, कारण एका तिकिटापायी लाखोंचा खरा व्यवहार सिद्ध करणे अवघड होऊन बसते. समोरची व्यक्ती तयार असेल तर आजच्या तारखेची नवी चिठ्ठी लिहून घ्या. ती तयार नसेल, तर मूळ कर्जाच्या आधारे दावा करता येतो का हे व्यवहाराच्या स्वरूपावर ठरते, आणि तेव्हा बँकेमार्फत पैसे दिल्याची नोंद फार मोलाची ठरते.

प्रश्न : सावकाराने तिकीट लावलेल्या कोऱ्या छापील नमुन्यावर माझी सही घेतली. त्याने हवी ती रक्कम भरली तर?

उत्तर : अशी सही करून कागद हवाली केला की, कलम २० प्रमाणे, तो भरून पूर्ण करण्याचा अधिकार तुम्ही प्रथमदर्शनी दिलेला असतो. मर्यादा असते ती तिकिटाच्या शुल्कात बसणाऱ्या रकमेची, आणि मागणीदेय चिठ्ठीत छोटेसे तिकीटही मोठ्या रकमेला पुरते, म्हणून हे कुंपण फारसे कामाचे नाही. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम भरली, हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येऊ शकतो. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिल्याशिवाय सही करू नका. पूर्ण लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तुमच्या संमतीवाचून महत्त्वाचा फेरफार केला, तर कलम ८७ नुसार ती तुमच्याविरुद्ध निरर्थक होते.

प्रश्न : साक्षीदार आणि नोंदणी लागते का? आणि दावा कधीपर्यंत करता येतो?

उत्तर : दोन्ही आवश्यक नाही. उलट, 'किंवा आपण सांगाल त्यास' असे शब्द नसतील आणि खाली साक्षीदाराची सही असेल, तर तो कागद बंधपत्र, म्हणजे बाँड, आहे व त्यावर मुद्रांक अपुरा आहे, असा वाद उभा राहू शकतो. हे शब्द गाळू नयेत. 'जो आणून दाखवेल त्यास' असे मात्र लिहू नये, खासगी व्यक्तीला तशी धारकास देय चिठ्ठी काढण्यास रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम ३१ ने मनाई आहे.

मुदत तीन वर्षांची आहे. मागणीदेय चिठ्ठीत ती मागणी केल्यापासून मोजतात असा समज आहे, तो चुकीचा असून ती चिठ्ठीच्या तारखेपासूनच मोजली जाते. १० जून २०२३ च्या चिठ्ठीवर १० जून २०२६ पर्यंत दावा दाखल झाला पाहिजे. त्याआधी देणेकऱ्याने चिठ्ठीच्या मागे देणे कबूल करून तारखेसह सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने काही साधत नाही, तेव्हा करार अधिनियमाच्या कलम २५(३) प्रमाणे पैसे देण्याचे नवे लेखी, सहीचे वचनच घ्यावे लागते.