संक्रांतीचे बटवे, विकतची डिझाइन्स आणि कॉलेज सोडायचा विचार

प्रश्न : मी साताऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावशीच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर गेल्या संक्रांतीला वाणासाठी पतंगाचं डिझाइन असलेले बटवे केले, ते सगळे विकले गेले. मग गणपतीत मोदकाचे रुमाल झाले, दिवाळीत पणत्यांची तोरणं झाली. डिझाइन्स, म्हणजे मशीनमध्ये घालायच्या फाइल्स, मी परदेशी साइटवरून घेते, काही विकत, काही फुकट. आता एका बाईंनी बोरन्हाणासाठी लहान मुलांचे कुर्ते मागितलेत, त्यावर प्रसिद्ध कार्टून हवंय. हे चालेल का? मला कॉलेज सोडून मोठं मल्टिनीडल, म्हणजे अनेक सुयांचं, मशीन घ्यायचंय. आई पाटल्या मोडायला तयार आहे, बाबा नाही म्हणतात. काय करू?

उत्तर : आधी कार्टूनच्या ऑर्डरचं बोलू, कारण ती खोळंबली असेल. ती घेऊ नकोस. कार्टूनमधली पात्रं कंपन्यांच्या मालकीची असतात. त्यांच्यावर कॉपीराइट असतो आणि नाव-चेहरा बहुतेक वेळा ट्रेडमार्क म्हणूनही नोंदवलेला असतो. फाइलचे पैसे भरले म्हणून ते पात्र कुर्त्यावर काढून विकायचा हक्क तुला मिळत नाही. ज्याने फाइल विकली त्याच्याकडेही तो बहुधा नव्हताच. त्या बाईंना सरळ तसं सांग, आणि रिकाम्या हाताने पाठवू नकोस. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने हलव्याचे दागिने, पतंग, बोरं, उसाची कांडी असं काहीतरी भरून दाखव. बोरन्हाणाच्या फोटोत ते कार्टूनपेक्षा किती तरी उठून दिसेल.

पतंग, मोदक, पणती या डिझाइन्सची गोष्ट वेगळी. मोदक कुणाच्याच मालकीचा नाही, पण त्याचं कुणीतरी काढलेलं विशिष्ट चित्र मात्र त्या माणसाचं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो हक्क राहतो. म्हणून नेटवरचा गणपतीचा सुंदर फोटो उचलून, सॉफ्टवेअरमध्ये टाकून, त्याचे टाके करून घेणं बरोबर नाही, देव सगळ्यांचा असला तरी. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या मूळ चित्रांवर आता असा हक्क उरलेला नाही. आजच्या चित्रकाराचं तसं नाही.

विकत घेतलेल्या प्रत्येक फाइलसोबत अटी असतात, त्या वाच. काही फक्त घरगुती वापरासाठी असतात. काहींवर वस्तू करून विकता येते, पण नगांची मर्यादा असते. फाइल दुसऱ्याला द्यायची किंवा विकायची नाही, थोडी बदलूनसुद्धा नाही, ही अट तर जवळपास सगळीकडे असते. फुकट मिळालेली फाइल विक्रीसाठीही मोकळी आहे असं समजू नकोस. तू आजवर वापरलेली सगळी डिझाइन्स या नजरेने एकदा तपास. बिल आणि अटींचं पान प्रत्येक डिझाइनच्या फोल्डरमध्ये ठेव. ज्याच्या अटी सापडत नाहीत ते विक्रीतून काढून टाक. हवं तर त्या विक्रेत्याला मेल करून परवानगी विचार, छोट्या व्यवसायाला ती अनेकदा सहज मिळते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुझं पत्र मशीनभोवती फिरतंय, पण या धंद्यात खरी किंमत आहे ती डिझाइनला. त्या परदेशी साइट्सवर ख्रिसमसची झाडं आणि हॅलोविनचे भोपळे हवे तेवढे मिळतात. मंगळागौर, बैलपोळा, नागपंचमी, गौरींचे मुखवटे, हळदीकुंकू यांची नीट काढलेली डिझाइन्स शोधायला गेलीस तर दमशील. ती तू का करू नयेस? चैत्रांगण घे. पाळण्यातली गौर, शंख, चक्र, कमळ, कासव, तुळशीवृंदावन. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी अंगणात काढलेली ही चित्रं सगळ्यांची आहेत. चातुर्मासातली गोपद्मं आहेत, कुयरी आहे. तुझ्या आजीच्या हातची रांगोळी कागदावर उतरवून घे. त्या डिझाइनला कुणाच्या अटी लागू नाहीत.

चित्राची मशीनला कळणारी फाइल करणं, म्हणजे पंचिंग, हे स्वतंत्र कौशल्य आहे. सुरतेच्या एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये पंचिंग करणाऱ्याला मशीन चालवणाऱ्यापेक्षा वेगळा मान असतो. शिकायला इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं इंक/स्टिच हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मोठ्या युनिटमध्ये विलकॉम चालतं, ते पुढे शीक. नुसतं चित्र काढता येऊन मात्र भागत नाही. टाका कापडाला ओढतो. पडद्यावर गरगरीत गोल असलेली टिकली कापडावर लांबट उतरते, म्हणून टाका ज्या दिशेने जातो त्या दिशेला ती मुद्दाम थोडी रुंद ठेवावी लागते. भराव घालण्याआधी खाली विरळ टाक्यांचा एक थर द्यावा लागतो, नाहीतर कडा ढासळतात. जाड सुती कापडावर छान बसलेला मोदक पातळ खणावर चुण्या पाडतो, मग भराव विरळ करायचा आणि मागे बळकट फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावायचं. हे सगळं मावशीच्या लहान मशीनवरही शिकता येतं. चिंध्या खूप वाया जातील, जाऊ देत.

डिझाइन स्वतः केलंस की नफाही तुझ्या हातात येतो. हिशेब करून बघ. ९,००० टाके आणि सहा रंगांचा पतंग, मशीन मिनिटाला ४०० टाके घालतंय असं धरलं तर नुसते टाके साडेबावीस मिनिटांचे. एका सुईच्या मशीनवर पाच वेळा दोरा बदलणं, कापड रिंगमध्ये ताणून बसवणं, सुटे धागे कापणं धरून एका बटव्याला अर्धा तास. ६० बटवे म्हणजे ३० तास, आणि शिवण वेगळीच. वाणाला बाई डझनाने घेते, एका नगामागे हात आखडता घेते. तोच पतंग एका रंगात, नुसत्या रेघेत २,४०० टाक्यांत बसवलास तर नुसते टाके ६ मिनिटांत होतात. काळ्या कापडावर पांढरी रेघ दिसतेही देखणी. दाट, रंगीत काम गौरीच्या शेल्यासाठी, आरतीच्या ताटावरच्या रुमालासाठी राखून ठेव, तिथे माणूस पैसे मोजतो.

म्हणून मल्टिनीडल मशीन आत्ता नको. ते घेतलं की हप्ता दर महिन्याला येतो, सण दर महिन्याला येत नाही. पितृपक्षात खरेदी थंडावते, ते दिवस दिवाळीच्या आणि संक्रांतीच्या डिझाइन्ससाठी वापर. पाटल्या आईच्या हातातच राहू देत. स्वतःच्या डिझाइन्सवर एक पूर्ण वर्ष, संक्रांत ते दिवाळी, हिशेब ठेवून काढ. त्यानंतर मशीन कमी पडतंय असं वहीच सांगत असेल तर पीएमईजीपी या नवा उद्योग सुरू करायला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत महिलांना शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. बँकेत जाताना ती वही सोबत ने.

कॉलेज सोडू नकोस. बाबांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचं कारण फक्त ‘हाताशी डिग्री असावी’ एवढंच नाही. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट हा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे, मुंबई केंद्र खारघरला आहे. पदवी अर्धवट सोडलीस तर ते दार बंद. शिवाय कॉस्टिंग आणि जीएसटी तुला वर्गात शिकवतातच. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारातूनही नोंदणीशिवाय विकता येतं, फक्त जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, ती करून टाक, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस.

दोन गोष्टी आणखी. बटवा तू शिवतेस, भरतकाम मशीन करतं, तेव्हा लेबलवर ‘हस्तनिर्मित बटवा, मशीन एम्ब्रॉयडरी’ असंच लिही. कशिदा जाणणारी बाई कापड उलटं करून बघतेच. आणि गणपती किंवा ओम पायपुसण्यावर, बसायच्या गादीवर काढून मागितला तर नकार दे, गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

इंक/स्टिच या आठवड्यात उतरवून घे. पहिलं डिझाइन एकाच रंगाचं, एकाच गोपद्माचं कर, आणि ते तीन वेगवेगळ्या कापडांवर काढून बघ. कुठे चुणी पडली ते लिहून कळव.