वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत ‘पाणी’ 11 मिमी आलंय. एमआरआय करावा का? बाळाला त्रास होईल का?

हो, करून घ्या. मी रेडिओलॉजिस्ट आहे, पोटातल्या बाळांचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम.

रिपोर्टमधलं ‘पाणी’ म्हणजे मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमधला द्रव. तो तुमच्या-माझ्या मेंदूतही असतो. पोकळीची रुंदी 10 मिमीच्या आत असली की नॉर्मल, 10 ते 12 सौम्य, 15 च्या वर गंभीर. पण काप (म्हणजे मेंदूचा एका पातळीवरचा फोटो) जरा तिरका गेला, मोजायची खूण, म्हणजे कर्सर, भिंतीच्या आतल्या कडेऐवजी बाहेरच्या कडेवर ठेवला गेला, की मिलिमीटरभर फरक पडतो. शिवाय सोनोग्राफीत प्रोबकडचा (पोटावर फिरवतात त्या यंत्राच्या बाजूचा) अर्धा मेंदू कवटीमुळे धूसर दिसतो. त्यामुळे नुसत्या 11 वर मी मत देत नाही.

बघायचं असतं ते हे, की रुंदी एकटीच आहे की सोबत आणखी काही आहे. बाकी सगळं ठीक असेल तर सौम्य रुंदीची दहातली नऊहून जास्त बाळं पुढे व्यवस्थित वाढतात. पण मेंदूच्या दोन भागांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नसेल, लहान मेंदूत दोष असेल, किंवा पेशी भलत्याच जागी अडकल्या असतील, तर पुढचं सगळं बोलणंच बदलतं. एमआरआयला कवटी आड येत नाही. ब्रिटनमधल्या मेरिडियन अभ्यासात (‘लॅन्सेट’, 2017) 570 बाळं होती. सोनोग्राफीचं निदान 68 टक्के वेळा बरोबर निघालं, एमआरआय जोडल्यावर 93 टक्के.

त्रासाचं म्हणाल, तर एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि गर्भारपणात आम्ही डाय (फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देत नाही. मिसेसना डाव्या कुशीवर झोपवतात, मशीनचा आवाज मोठा असतो म्हणून कानाला संरक्षण देतात. बाळ हलत असतं, म्हणून प्रत्येक फोटो साधारण सेकंदभरातच काढतो. नेमकी त्याच वेळी बाळाने मान फिरवली तर तोच काप परत.

वेळेचं मात्र नीट सांभाळा. 20 आठवड्यांना मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीतच असतो, वळ्या पुढे पडत जातात. वळ्यांचे दोष ओळखायला कधीकधी 30-32 आठवड्यांना पुन्हा एमआरआय लागतो. दुसरीकडे, गर्भपाताचा 2021 चा सुधारित कायदा असा, की 24 आठवड्यांनंतर गंभीर दोष असला तरी मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. म्हणून मी पहिला एमआरआय बाविसाव्या आठवड्याच्या आसपास करायला सांगतो, म्हणजे काहीही ठरवायचं झालं तरी हातात दिवस उरतात.

सोनोग्राफीचा नुसता कागद नको, फोटोंची सीडीही सोबत न्या. सीएमव्ही (एक विषाणू) आणि टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) यांच्या संसर्गाच्या रक्ततपासण्या झाल्यात का, गर्भजलाची तपासणी गरजेची आहे का, हे फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळाच्या आजारांच्या) डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. एमआरआयच्या तारखेसाठी त्या अडवून ठेवू नका.