घशाच्या कॅन्सरमध्ये दर वेळी प्रश्नांचा फॉर्म का भरायला देतात? बाबांच्या ऐवजी मी भरला तर चालेल का?

शक्यतो नका भरू, बाबांनाच उत्तरं देऊ द्या. वाचायला जमत नसेल तर तुम्ही प्रश्न वाचून दाखवा आणि ते म्हणतील तीच खूण करा, कारण घरातली माणसं त्रास कमी किंवा जास्त धरतात असं होतंच.

बऱ्याच ठिकाणी हा फॉर्म ईओआरटीसीचा (युरोपातली कॅन्सर संशोधन संस्था) असतो, एक 30 प्रश्नांचा सगळ्या कॅन्सरसाठी आणि दुसरा 35 प्रश्नांचा (नव्या आवृत्तीत 43) खास डोकं-मान-घशासाठी. मराठीतही आहे, मागून घ्या. गेल्या आठवड्यात गिळताना त्रास झाला का, तोंड कोरडं पडतं का, लाळ चिकट झालीय का, चव लागते का, चारचौघांत जेवायला अवघड वाटतं का, फोनवर बोलता येतं का असं सगळं विचारतात. हे स्कॅनमध्ये दिसत नाही हो! गाठ गेली म्हणून रिपोर्ट छान येतो आणि माणूस मात्र लग्नात पंगतीला बसायचं टाळतो, कारण घास अडकतो, ठसका लागतो, आणि हे डॉक्टरांना कोणी सांगतच नाही.

उपयोग खरंच होतो. 2017 मध्ये न्यूयॉर्कचा 766 पेशंटचा अभ्यास आला (घशाचे नव्हते, इतर पसरलेले कॅन्सर), त्यात लक्षणं नियमित कळवणारे साधारण 5 महिने जास्त जगले.

फॉर्म भरून दिला की डॉक्टरांना थेट विचारा, गिळण्याच्या थेरपिस्टकडे पाठवता का, आणि तोंड कमी उघडत असेल तर व्यायाम लगेच विचारून घ्या, थांबू नका.