करंगळीखालचं हाड मोडलंय. एक डॉक्टर हाड धरून ठेवायला आत तारा टाकू म्हणतात, दुसरे स्प्लिंटवर (हात हलू न देणारा बाहेरचा कडक आधार) भागेल म्हणतात. कुणाचं ऐकू?

एक्स-रे न बघता निकाल देणार नाही. पण भिंतीवर ठोसा मारला, जखम नाही आणि मुठीतला करंगळीचा उंचवटा खाली बसलाय, एवढं तुम्ही स्वतःच लिहिलंत ते बरं केलंत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हाताचे स्प्लिंट बनवणं हे माझं रोजचं काम. असे हात नेहमी येतात, फक्त पहिल्या भेटीत भिंतीचं नाव कुणी घेत नाही, सगळ्यांचा हात 'दारात सापडलेला' असतो.

दोन मतं पडण्याचं कारण बहुधा हाडाचा वाक. करंगळीखालचं हाड मनगटाकडच्या टोकाला थोडं हलतं, त्यामुळे हाडाच्या मानेपाशी (उंचवट्याच्या लगेच मागे) 40 अंशांपर्यंत वाकून जुळलं तरी हात नीट चालतो. तर्जनी किंवा मधल्या बोटाखाली मात्र 10-15 अंशांपुढे सहसा चालवून घेत नाहीत. पण पीळ कुठल्याच बोटात चालत नाही. दुखेल तिथे थांबत हळूहळू मूठ वळून बघा. करंगळी शेजारच्या बोटावर चढत असेल, तर तारांचं म्हणणारे डॉक्टर बरोबर असण्याची शक्यता जास्त. तुकडे बरेच झाले असतील किंवा मोड सांध्यात गेली असेल तरीही तसंच. (ठोसा कुणाच्या दातांवर बसून कातडी फाटली असती, तर हे वाचत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा म्हटलं असतं.)

स्प्लिंट ठरला तर तो कसा बांधलाय ते बघा. मनगट किंचित मागे, मुठीचे सांधे 70 ते 90 अंशांत वाकलेले, पुढची बोटं सरळ. "एवढं अवघडलेलं कशाला?" असं प्रत्येक जण विचारतो. सांधा वाकलेला असताना त्याच्या बाजूचे लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) ताणलेले राहतात. सरळ ठेवला की ते सैल पडून आखडतात, आणि हाड जुळूनही मूठ वळत नाही. एका काकांनी फूटपट्टीला हात बांधून महिना काढला होता. हाड छान जुळलं, मूठ परत आणायला आम्हाला दोन महिने लागले.

मी वापरते ती प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून हातावरच बेतते. प्लास्टरही चालतं. साधारण 3-4 आठवडे, मग करंगळी अनामिकेला टेपने जोडून हालचाल. तेव्हाही एक्स-रेत मोडल्याची रेघ दिसेल, घाबरू नका. उंचवटा बहुधा कायमचा बसका राहील, तेवढं मान्य करा.

अंगठी आजच काढा, हात उंच ठेवा, मोकळी बोटं हलवत राहा. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर पट्टी सैल करून लगेच दाखवा. आणि आठवड्याने होणारा एक्स-रे चुकवू नका. स्प्लिंटमध्येही हाड सरकतं, आणि तेव्हा कळलं तर अजून बसवता येतं.