शाळेत एआय वापरायचं ठरलंय. शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी मिळून सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मुख्याध्यापकांनी 'एआय समिती' नेमलीय, तुमचं नाव त्यात घातलंय आणि पहिल्या सभेत काय बोलायचं ते सुचत नाहीये. माझं मत सरळ आहे. पहिल्या सभेत एआयचं नावही काढू नका. शाळेचं वेळापत्रक मागवा आणि विचारा, एकाच इयत्तेला एकच विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांचा ऑफ तास आठवड्यातून एकदा तरी एकत्र येतो का? येत नसेल, तर ती समिती इतिवृत्तापुरती आहे असं समजा.

इतकं ठासून सांगतेय कारण आमच्याकडे सगळं उलट्या टोकाकडून सुरू झालं. मी गणित शिकवते. एका सत्राच्या सुरुवातीला परिपत्रक फिरलं: शाळेने एआयचं एक अ‍ॅप घेतलं आहे, प्रत्येकाने लॉगिन करून घ्यावे, पाठ टाचण त्यातूनच काढावे आणि वापराचा अहवाल दर आठवड्याला कार्यालयात द्यावा. सह्या सगळ्यांनी केल्या. परिपत्रकावर सही करणं आणि ते वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत हे शिक्षकांना सांगायला नको.

अहवालात काय, तर कोण किती वेळा लॉगिन झालं. मग व्हायचं तेच झालं. काही जण सकाळी अ‍ॅप उघडून ठेवायचे आणि शाळा सुटताना बंद करायचे. आकडे झकास यायचे. आमच्यातले एक सर तर अ‍ॅपमधून काढलेलं टाचण फाइलला लावायचे आणि वर्गात जाऊन आपलं नेहमीचंच शिकवायचे. उत्तम शिकवायचे, हेही सांगून टाकते.

मी सभेत विचारलं, "हे पाठाच्या कुठल्या टप्प्यावर वापरायचं, ते कोणी ठरवलं?" पर्यवेक्षक सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला नव्या तंत्रज्ञानाची भीती वाटते, दुसरं काही नाही." सगळ्यांसमोर. वास्तविक त्याच्या कितीतरी आधीपासून मी घरी चॅटजीपीटीकडून सरावाचे प्रश्न काढून घेत होते. त्यात कुठे ठेच लागते हे माहीत होतं म्हणूनच विचारत होते. मोठ्या बाई मात्र एवढंच म्हणाल्या, "मग दाखवा काय अडतं ते."

दाखवलं. माझ्याच इयत्तेला गणित शिकवणारी दुसरी मैत्रीण आणि मी बसलो, बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. घटक होता दशांश अपूर्णांकांची तुलना. अ‍ॅपला सांगितलं, मोठी संख्या कोणती ते ओळखा, अशी छोटी चाचणी दे. क्षणात कागद तयार. 0.75 की 0.5? 0.36 की 0.2? 1.482 की 1.39? 0.125 की 0.1? उत्तरं बिनचूक, मांडणी आमच्यापेक्षा सुबक. बाई म्हणाल्या, "चांगलंय की. यात वाईट काय?"

तुम्ही गणिताचे नसाल तर त्या चार जोड्या पुन्हा एकदा बघा. प्रत्येक जोडीत ज्या संख्येत अंक जास्त, तीच मोठी आहे. वर्गात हमखास काही मुलं अशी असतात ज्यांना वाटतं की 0.125 हे 0.5 पेक्षा मोठं, कारण 125 हे 5 पेक्षा मोठं. त्या मुलांना या कागदावर पैकीच्या पैकी गुण मिळतात! मूल खूश, शिक्षक खूश आणि चुकीची समजूत आणखी घट्ट. आम्ही जोड्या बदलल्या: 0.5 की 0.125, 0.3 की 0.28. त्यावर मैत्रीण म्हणाली, थांब, आता उलट्या समजुतीची मुलं सुटतील. कारण काही मुलांचं गणित बरोबर उलटं असतं. दशांश मोठा, शतांश त्याहून लहान, म्हणून अंक कमी ती संख्या मोठी. ती 0.4 ला 0.73 पेक्षा मोठं म्हणतात. म्हणजे दोन्ही दिशांच्या जोड्या मिसळून हव्यात, शिवाय 0.4 आणि 0.40 अशी एखादी सारखीही हवी.

या दोन्ही समजुती अ‍ॅपला शब्दांत सांगितल्या. मग त्याने दिलेला कागद खरंच चांगला होता. एक-दोन जोड्या खोडल्या, बाकी तसाच वापरला, आणि प्रत्येक तुकडीसाठी वेगळा संच हाताने काढत बसायचा त्रास वाचला. मुलं कुठे घसरतात हे आम्ही आणायचं, आणि एकदा ते सांगितलं की पन्नास प्रश्न त्याने काढायचे. ही वाटणी मला आजही मान्य आहे.

बाईंचं मला कौतुक यासाठी वाटतं की त्यांनी लॉगिनचा अहवाल बंद केला. त्याऐवजी एक साधा कागद मागितला: काय विचारलं, काय आलं, आपण काय बदललं आणि का. आमच्या दोघींचा एक तास जुळवून दिला आणि वेळापत्रकावर त्या चौकटीत लाल पेनाने लिहिलं, 'इथे बदली तास लावू नये'. एका पालकांची तक्रार आली की प्रश्न मशीनने काढलेले आहेत, तेव्हा त्यांच्याशी स्वतः बोलल्या, आम्हाला पुढे केलं नाही. मुख्याध्यापकांकडून सहकार्य म्हणजे मला एवढंच अपेक्षित आहे. वेळ द्या, आणि बोलणी खायची वेळ आली की पुढे उभे राहा. एआय कसं चालतं हे त्यांना शिक्षकांपेक्षा जास्त कळण्याची गरज नाही.

हा फक्त माझ्या शाळेचा किस्सा वाटत असेल, तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत गणितासाठी केलेला प्रयोग बघा. जवळपास 1000 विद्यार्थी होते. एका गटाला नेहमीचा चॅटबॉट दिला. सरावात त्यांचे गुण 48 टक्क्यांनी वाढले, पण चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला शिक्षकांच्या मदतीने तयार केलेल्या सूचना दिल्या होत्या: उत्तर सांगायचं नाही, इशारा द्यायचा, मुलं इथे चुकतात. त्या गटाची सरावातली वाढ 127 टक्के, आणि परीक्षेतलं ते नुकसान बहुतांशी टळलं. दोन्हीकडे यंत्र एकच होतं. फरक पडला तो शिक्षकांचं डोकं त्यात घातल्याने. पर्यवेक्षक सरांच्या टेबलावर मी याचा कागद ठेवला होता. वाचला असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

तुमची समिती, मुलांनी दिलेला मजकूर एआयने लिहिलाय का हे पकडणारं सॉफ्टवेअर घ्यायचा विषय काढेल. काढू द्या, आणि ठाम नाही म्हणा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने 2023 च्या जानेवारीत असं एक साधन काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त 26 टक्के ओळखला गेला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी 9 टक्क्यांवर एआयचा शिक्का बसला. जुलैत त्यांनीच ते मागे घेतलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना जे जमलं नाही, त्याच्या भरवशावर एखाद्या पोराला वर्गात उभं करून खोटं पाडायचं?

सरसकट बंदीचंही तेच. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागाने जानेवारी 2023 मध्ये शाळांच्या नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी उठवली. वरून आलेली बंदी आणि वरून आलेली सक्ती मला एकाच जातीच्या वाटतात. दोन्हीत वर्गात उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी फक्त गणिताचं बोलतेय. भाषेच्या शिक्षकांची अडचण वेगळी आहे, कारण निबंधाचा कच्चा खर्डा लिहिणं हाच तिथे विचार करण्याचा भाग असतो, आणि तोच यंत्राने केला तर शिकवायला उरतं काय? त्यांचं त्यांना ठरवू द्या, गणितवाल्यांनी मध्ये पडू नये. वर मी जे सांगितलं ते सगळं शिक्षकाने वापरण्याबद्दल आहे. मुलांच्या हातात देणं हा पूर्ण वेगळा विषय. युनेस्कोच्या 2023 च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी किमान 13 वर्षं वय सुचवलंय, आणि माझ्या मते तेही कमीच आहे. मुलांची नावं, गुण, तब्येतीच्या नोंदी कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकायच्या नाहीत, हे मुख्याध्यापकांनी लेखी काढलेलं बरं. शाळा लहान असेल आणि विषयाला एकच शिक्षक असेल, तर वरच्या किंवा खालच्या इयत्तेच्या शिक्षकाबरोबर जोडी लावा. खालच्या इयत्तेच्या बाईंना मुलांच्या समजुती कुठून सुरू होतात ते जास्त माहीत असतं. आणि मुख्याध्यापक वेळ देतच नसतील तर समितीचा नाद सोडा, दोघी-दोघे मिळून आपल्यापुरतं करा. एक चांगला कागद स्टाफरूममध्ये आपोआप फिरतो.

तुमच्या समितीत भीतीचा मुद्दा काढणारं कोणी ना कोणी असेलच. त्यांच्याशी भीतीवर वाद घालू नका, त्यात आपण हरतो. दशांशाच्या त्या पहिल्या चार जोड्या त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, लॉगिनच्या अहवालात या कागदाची नोंद यशस्वी म्हणून झाली असती की अयशस्वी? आमच्या सरांचं उत्तर अजून यायचंय.