"मॅडम, मी प्रश्न विचारले की पोलीस चौकशी वाटते"

क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, येणाऱ्या एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) मुली पहिल्या काही आठवड्यांत हमखास याच अडचणीशी येऊन थांबतात. यंदाच्या मुलीने ती नेमकी मांडली: "मॅडम, प्रश्न विचारले की चौकशी केल्यासारखं वाटतं. नाही विचारले तर हातात माहितीच येत नाही. मग करायचं काय?" तिच्याच एका केसवरून उत्तर देते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

कोल्हापुरातल्या आमच्या सल्ला केंद्रात शिरोळकडच्या एक बाई भावासोबत आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "रेशन कार्ड येगळं काढायचं हाय. कागद काय लागत्यात तेवढं सांगा." मुलीने फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, लग्न कधी झालं, मुलं किती, वेगळं का काढायचंय? या शेवटच्या प्रश्नावर बाईंनी भावाकडे पाहिलं, आणि तिथून पुढची सगळी उत्तरं भावानेच दिली. फॉर्म पूर्ण भरला. बाईंचं म्हणणं मात्र त्यात कुठेच नव्हतं.

"नवरा मारतो" असं पहिल्याच वाक्यात सांगणाऱ्या बायका थोड्या. बहुतेकजणी रेशन कार्ड, पोराचा दाखला, आधारवरचा पत्ता असलं काहीतरी घेऊन येतात. तो बहाणा नसतो, कार्ड खरंच हवं असतं. पण कार्ड वेगळं करायची वेळ आली म्हणजे त्याआधी घरात बरंच काही होऊन गेलेलं असतं. ते ऐकायचं तर फॉर्म बाजूला ठेवावा लागतो.

आधी भावाला खाली चहाला पाठवलं. "इथं प्रत्येकीशी आम्ही आधी एकटीशीच बोलतो, दादा." नियम म्हणून सांगितलं की कुणाला संशय घेतल्यासारखं वाटत नाही. मग मुलीला म्हटलं, आता पुन्हा सुरू कर, पण हातात पेन नको.

या वेळी तिने विचारलं, "कार्डाचं बघूच. पण हे वेगळं काढायचं कधीपासून मनात आलं?" बाई गप्प. मुलगी लगेच दुसरा प्रश्न टाकणार होती, मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. थोड्या वेळाने बाई आपणहून बोलायला लागल्या, आणि मग बराच वेळ बोलतच राहिल्या. "का गेलात", "का सहन केलंत" या प्रश्नांत आरोप ऐकू येतो. "मग काय झालं?" एवढ्यावर माणूस सांगत सांगत दूरवर जातो.

तारखा लागतातच, कारण घरगुती घटना अहवालात, म्हणजे घरातल्या हिंसेच्या ठरलेल्या नमुन्यातल्या नोंदीत, कधी, कुठे, काय झालं ते लिहावं लागतं. पण "दिनांक सांगा" म्हटलं की बाई गोंधळतात. आपल्याकडे काळ वेगळ्या खुणांनी लक्षात राहतो. "पहिल्या पुरात का दुसऱ्या?" विचारल्यावर त्या पटकन म्हणाल्या, "दुसऱ्या." म्हणजे जुलै 2021, पहिला 2019 च्या ऑगस्टचा. बेंदूर (बैलांचा सण) म्हणाल्या तर कर्नाटकी की महाराष्ट्रीय तेही विचारावं, जवळपास महिन्याचा फरक पडतो. जोतिबाची यात्रा, ऊसतोड, पोराची पहिलीची शाळा, सगळं चालतं. खासगी प्रश्नाआधी कारण सांगायचं: "हे विचारतेय कारण अर्जात लागेल. नको वाटलं तर आज राहू दे."

सगळं ऐकून झाल्यावर मुलीने ते परत सांगितलं: पुराच्या पैशावरून भांडण, मारहाण, मग त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं. "काढलं न्हाई, मीच निघाले," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली करून, "मी आपल्या पायानं आले म्हंजे माझा हक्क गेला न्हवं?"

ज्यासाठी त्या इतक्या लांब आल्या होत्या तो प्रश्न हा होता, आणि फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. परत सांगताना आपण चुकलो तरी बिघडत नाही, कारण ती चूक दुरुस्त करताना बाई खरं बोलून जातात.

उत्तर सोपं होतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई ज्या सामायिक घरात राहिली आहे, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. निवास आणि खर्चासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी त्यात मदत करतात. आणि बाईंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे सगळं मुलीने चांगलं सांगितलं, फक्त सलग सांगितलं. मध्ये थांबून "तुम्हाला यातलं काय हवंय?" मी विचारलं. कोर्ट त्यांना लगेच नको होतं. आधी पोरांची शाळा इकडे बदलून हवी होती.

त्या गेल्यावर मुलगी जरा खट्टू झाली. एवढं ऐकलं आणि अर्ज नाहीच? मी तिला म्हटलं, नंबर नेलाय ना. संरक्षण अधिकाऱ्यांचा आणि 181 महिला हेल्पलाइनचा, दोन्ही. फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो, म्हणून अधिकाऱ्यांचा नंबर कुठल्या नावाने ठेवणार ते आम्ही विचारून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "गॅसवाला."